ग्राफिक्स कार्ड घ्यायचं का नाही: ऑफिसच्या नव्या पीसीच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार

आज दुपारी बंगल्याचं एलेव्हेशन (बाहेरून दिसणारं रूप) फिरवून दाखवताना जुना पीसी जो अडकला तो अडकलाच, पार्टी समोर बसलेली, चहा दुसऱ्यांदा झाला तरी बंगला आपला तिरकाच. शेवटी मोबाईलमधले फोटो दाखवून वेळ मारून नेली. माणसं भली होती, काही बोलली नाहीत, पण मलाच कसंनुसं झालं. नवीन मशीन आता करायचंच. आणि यावेळी नोंदी ठेवायच्या, कारण मागच्या वेळी कुठला पार्ट का घेतला ते दोन वर्षांनी मलाच आठवत नव्हतं.

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, दुकानात गेलं की डोकं फिरतं. जास्तीत जास्त वेळ ऑटोकॅड टूडी (सपाट नकाशे काढायचं सॉफ्टवेअर), मंजुरीचे प्लॅन, खाली गट नकाशाचा पीडीएफ लावलेला. मग स्केचअप (थ्रीडी मॉडेलसाठी). आणि महिन्यातनं तीन-चार रेंडर (मॉडेलवरनं केलेली फोटोसारखी चित्रं), जे आजवर मिरजेच्या मैत्रिणीकडं पेन ड्राईव्ह घेऊन जाऊन करतेय, तिचं मशीन रिकामं असेल तेव्हा. बजेट ४० हजार, मॉनिटर जुनाच वापरायचा.

५ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात जाऊन आले. कोटेशन मिळालं इंटेलचा प्रोसेसर आय५-१२४००एफ आणि सोबत "२ जीबीचं ग्राफिक कार्ड". कार्ड कुठलं विचारलं तर "चांगलंय ताई, २ जीबी आहे की." बॉक्सच मागून घेतला. जीटी ७१०.

आता यात दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे इंटेलच्या नंबरामागचं ते "एफ". एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाहीच, कार्ड लावलं तरच स्क्रीनवर काही दिसणार, आणि उद्या कार्ड गेलं तर सगळा डबा ठप्प. दुसरी गोष्ट ते कार्ड. केप्लर घराण्यातलं, म्हणजे मूळ डिझाईन २०१२ चं, ते बनवणाऱ्या एनव्हिडियानं त्या घराण्याला नेहमीचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) द्यायचे २०२१ मध्ये थांबवले. त्यावरची मेमरी डीडीआर३, रस्ता ६४ बिटचा, सेकंदाला १४.४ जीबी एवढीच ने-आण. २ जीबी हा आकडा नुसता मोठा दिसतो, काम त्यातनं काही होत नाही. प्रोसेसरमधलं फुकटचं ग्राफिक्स बरं असताना त्याच्यापेक्षा मंद कार्ड पैसे देऊन का घ्यायचं हे मला कळलं नाही, आणि विचारल्यावर दुकानदारालाही सांगता आलं नाही, "सगळे हेच नेतात" एवढंच म्हणाला.

रात्री बारक्याशी (धाकटा भाऊ, इंजिनिअरिंगला आहे) वाद. त्याचं म्हणणं, "ताई, घ्यायचं तर सरळ मोठं कार्ड घे, परत परत कोण खर्च करतंय." त्याला कार्ड कशाला पाहिजे ते मला माहीत आहे, रात्री अकरानंतर हेडफोन लावून बसतो तेव्हा सगळ्या गल्लीला माहीत होतं.

माझं ठरलं: आधी बिनकार्डाचं मशीन करायचं, चालवायचं, नक्की कुठं अडतंय ते बघायचं आणि मग कार्डाचा विषय काढायचा.

१० फेब्रुवारी, शनिवार

जोडलं. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी. ६ कोअर, १२ थ्रेड, आतच रेडिऑन व्हेगा ग्राफिक्स, ७ युनिटांचं. इंटेलचा एफ नसलेला १२४०० पण होता यादीत, पण त्यातलं यूएचडी ७३० व्हेगापेक्षा कमी ताकदीचं, आणि मला स्केचअप फिरवायचंय. जी-वाल्याचा तोटा पण लिहून ठेवते: साध्या ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे, जी मध्ये १६. आणि कार्डाच्या स्लॉटला पीसीआय एक्स्प्रेस (कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता) ३.० च मिळतं, ४.० नाही. आज याचा फरक पडत नाही, कार्ड निवडताना पडेल.

मदरबोर्ड चार स्लॉटवाला घेतला. रॅम ८ जीबीची एकच स्टिक, दुसरी पुढच्या महिन्यात घेऊ असा शहाणपणा केला. कॅबिनेट आणि एसएमपीएस (आतल्या सगळ्याला वीज देणारा डबा) जुनाच. कॅबिनेट टेबलावर ठेवलंय, खाली नाही, २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावर पाणी आलं तेव्हापासून सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात वायर असलेली कुठलीच वस्तू जमिनीवर राहत नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

ऑटोकॅड मस्त. मोठा लेआउट, पीडीएफ लावलेला, झूम-पॅन सरसर. टूडीमध्ये मुख्य ओझं प्रोसेसरच्या एका कोअरवर असतं, त्यामुळं जुन्या मशीनपेक्षा जमीन-अस्मानाचा फरक पडला त्यात ग्राफिक्सचा वाटा थोडाच असणार.

स्केचअप मात्र नाराज. तोच बंगला, झाडं आणि गाड्या टाकल्यावर फिरवताना झटके. शॅडो बंद केल्यावर चालतो. बारक्यानं व्हॅलोरंट हा गेम टाकून बघितलं, सेकंदाला ८०-९० फ्रेम आणि मधेच खाली आपटतंय म्हणे, लगेच "बघ, सांगितलं होतं" सुरू.

रॅमच्या ८ जीबीपैकी साधारण साडेसातच वापरायला मिळते असं विंडोज दाखवतंय. उरलेली अर्धा जीबी गेली कुठं? ती व्हेगानं राखून ठेवली. टास्क मॅनेजरमध्ये डेडिकेटेड अर्धा जीबी आणि शेअर्ड पावणेचारच्या आसपास दिसतं, म्हणजे लागलीच तर उरलेल्यातली निम्म्यापर्यंत उचलू शकतं. याची स्वतःची मेमरी नाहीच, प्रोसेसरच्याच ताटात जेवतं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शिवजयंतीची सुट्टी. बाहेर ढोल, आत मी ऑटोडेस्कच्या पानावर ऑटोकॅडला काय लागतं ते वाचत बसले. मी वापरते त्या व्हर्जनला ग्राफिक्सची किमान गरज सेकंदाला २९ जीबी बँडविड्थ (मेमरीची ने-आण), आणि चांगलं चालायला १०६. किती जीबीचं कार्ड ते लिहिलंयच, पण त्याच ओळीत ही बँडविड्थ आहे आणि ती कोणी वाचत नाही. मी पण नव्हती वाचली.

मग पेन घेतलं. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक: ३२०० गुणिले ८ बाइट, २५,६०० म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी. किमान गरजेपेक्षाही कमी! आणि त्यात प्रोसेसरचाही वाटा. दोन स्टिक दोन चॅनेलला (रॅम ते प्रोसेसर असे दोन वेगळे रस्ते) लावल्या की दुप्पट, ५१.२.

याच्या पुढचा धक्का म्हणजे माझी स्टिक ३२०० वर चालतच नव्हती. सीपीयू-झेड (मशीनच्या आतले आकडे दाखवणारा प्रोग्राम) उघडून बघितलं तर २६६६. बॉक्सवरचा वेग आपोआप मिळेलच असं नसतं, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं. म्हणजे गेला आठवडाभर मी २१.३ वर काम केलं आणि शिव्या व्हेगाला घातल्या. चालू केलं. स्केचअपमध्ये थोडा फरक, जाणवेल न जाणवेल इतका.

बायोसमध्येच यूएमए फ्रेम बफर म्हणून एक सेटिंग दिसलं, ग्राफिक्सला किती रॅम राखायची ते. मोह झाला, २ जीबी करून बघितलं. वेग तसूभर वाढला नाही, उलट विंडोजला ६ च उरली आणि ब्राउझर रडायला लागला. परत ऑटोवर.

२ मार्च, शनिवार

दुसरी स्टिक आणली, हुबेहूब तीच कंपनी तोच वेग, सतराशे रुपये. पहिली वेळ उत्साहात शेजारच्याच स्लॉटात खोचली आणि मग मॅन्युअल बघितलं. शेजारी शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात. प्रोसेसरकडनं मोजून दुसरा आणि चौथा. काढून परत लावली. सीपीयू-झेडमध्ये "ड्युअल" बघितल्यावरच झाकण लावलं.

आणि काय सांगू. तोच बंगला, त्याच गाड्या, लोण्यासारखा फिरतोय. शॅडो लावल्यावर अजून जड होतो पण तो माझ्या वापरात क्वचित. बारक्याचं व्हॅलोरंट सव्वाशेच्या आसपास, मधे आपटायचं बंद. तो गप्प बसला, म्हणजे पाच मिनिटं.

अप्पा (हळदीची आडत आहे त्यांची) मार्केट यार्डातनं आले तेव्हा आम्ही दोघं स्क्रीनकडं बघत बसलेलो, विचारलं काय चाललंय. त्यांना सांगायचं म्हणजे हळदीतच सांगावं लागतं. म्हटलं, अप्पा, गोदाम तुमचं मोठं आहे पण गेट एकच, आत जाणारी गाडी पण त्यातनंच आणि बाहेर पडणारी पण त्यातनंच, मग गोदाम कितीही मोठं केलं तर सौद्याच्या दिवशी रांग लागणारच की. मी आज दुसरं गेट काढलं. अप्पा म्हणाले, "मग पहिल्याच दिवशी का न्हाई काढलं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

एकदम ८ च्या दोन घेतल्या असत्या तर तीन आठवडे वाचले असते. बिनकार्डाच्या मशीनला एक स्टिक लावणं म्हणजे खरं तर त्याला नीट चालवून बघितलंच नाही असं धरावं.

१७ मार्च, रविवार

आता खरी हद्द कळली. रेंडर.

आठवड्यात दोन पार्ट्यांनी "आत फिरून बघता येईल का" विचारलं. त्याला रिअल टाइम रेंडरचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते स्पष्टच वेगळं कार्ड आणि त्याची स्वतःची ४ जीबी मेमरी मागतं. इथं दुसरी स्टिक, तिसरी स्टिक, काही उपयोग नाही. घरातल्या रॅमचा रस्ता फार तर ५१ चा, प्रोसेसरबरोबर वाटून घ्यायचा, आणि व्हेगाची ७ युनिटं. कार्डाला स्वतःची मेमरी, स्वतःचा रस्ता. मिरजेच्या फेऱ्या मोजल्या तर गेल्या महिन्यात सहा झाल्या, आणि एकदा तर मैत्रीण गावाला गेलेली, कुलूप बघून परत आले.

तर कार्ड घ्यायचं. कुठलं? जुना एसएमपीएस उघडून बघितला, कार्डाला वेगळी वीज द्यायची ६ पिनची वायरच नाही. स्लॉटमधनं जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, म्हणजे तेवढ्यात भागणारं कार्ड पाहिजे नाहीतर एसएमपीएस नवा.

बारक्यानं आरएक्स ६५०० एक्सटी सुचवलं, आकडे बघून. तिथं १० फेब्रुवारीची नोंद कामाला आली. ते कार्ड दिसायला मोठ्या स्लॉटचं पण आतनं फक्त ४ लेनचं, ४.० वर ते निभावतं, माझा प्रोसेसर ३.० देणार म्हणजे रस्ता अजून निम्मा. वर त्याला वेगळी वीज लागते आणि व्हिडिओ एन्कोड करायची सोय त्यात नाही, मला तर पार्टीला वॉकथ्रूचे व्हिडिओ पाठवायचेत. ज्याचं मशीन ४.० चं आहे आणि नुसतं खेळायचंय त्यानं विचार करावा, माझ्या कामाचं नाही.

राहिलं जीटीएक्स १६५०. जुनं झालंय, २०१९ चं, पण ७५ वॉट, ४ जीबी, आणि वेगळी वीज न लागणारी मॉडेलं मिळतात. एकाच नावाखाली दोन प्रकार आहेत एवढं लक्षात ठेवायचं: जीडीडीआर५ मेमरीवाल्याची बँडविड्थ १२८, जीडीडीआर६ मेमरीवाल्याची १९२. दोन्ही ऑटोडेस्कच्या १०६ च्या वर. बॉक्सच्या पुढं मोठ्या अक्षरात नाव असतं, हे मागच्या बाजूला बारीक लिहिलेलं असतं. प्रकाशाच्या किरणांचा खराखुरा हिशोब (रे ट्रेसिंग) करणारी नवी रेंडर सॉफ्टवेअर यावर जमणार नाहीत, त्याला आरटीएक्स पाहिजे, आणि आरटीएक्सला माझं पाकीट पुरत नाही. तूर्त चालवून घेऊ.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

मुहूर्तावर कार्ड आणलं, जीडीडीआर६ वालं, साडेतेरा हजार. आईनं हळदकुंकू लावून मगच बॉक्स उघडू दिला (बॉक्सला लावा म्हटलं, कार्डाला नको).

लावलं, बटन दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. परत केलं, काळी. कार्ड काढून परत दाबून बसवलं, खटका नीट बसल्याचा आवाज आला, काळी. पोटात गोळा. पाडव्याच्या दिवशी साडेतेरा हजार पाण्यात, एसएमपीएस पुरत नसेल का, बोर्ड गेला का, काय काय डोक्यात येऊन गेलं, श्रीखंड तसंच वाटीत. अर्ध्या तासानं बारक्या आंघोळ करून आला, टॉवेल खांद्यावर, मागं वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, केबल कुठं लावलीयस?"

मदरबोर्डला. दोन महिने जिथं होती तिथंच.

कार्ड दिसलं की बहुतेक बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, बायोसमध्ये ते ऑटोवर असतं, मग मदरबोर्डच्या पोर्टातनं काय दिसणार. आणि ज्यांच्यात बंद होत नाही त्यांचं तर अजून वाईट, स्क्रीन छान दिसते, माणूस खूश, आणि कार्ड आत नुसतं बसून असतं. एचडीएमआय केबल खालच्या, कार्डाच्या पोर्टाला लावली. दिसलं. बारक्या हे आता पुढच्या पाडव्यापर्यंत सगळ्यांना सांगणार.

१२ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस वापरून झाल्यावर:

ऑटोकॅड टूडी, काही म्हणजे काही फरक नाही. घड्याळ लावून बघितलं, फाइल उघडायचा वेळ तोच. एवढ्या कामासाठी कोणी कार्ड घेत असेल तर त्यानं ते पैसे रॅमला आणि एसएसडीला घालावेत.

स्केचअप शॅडोसकट बरं फिरतं. कार्ड लावल्यावरही आधी फिरत नव्हतं, कारण विंडोजनं ते अजून व्हेगावरच ठेवलं होतं. मी आतलं ग्राफिक्स बायोसमधनं परत चालू केलंय ना, जुना दुसरा मॉनिटर मदरबोर्डला लावायला, त्याचा हा परिणाम. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स, तिथं एकेका प्रोग्रामला "हाय परफॉर्मन्स" करून द्यावं लागतं. केलं. आता टास्क मॅनेजरमध्ये दोघं दिसतात, एकावर ब्राउझर आणि पीडीएफ, दुसऱ्यावर स्केचअप. कार्डाच्या ४ जीबीत बाकीच्यांची गर्दी नको म्हणून ही वाटणी मला आवडली. फक्त स्केचअपची खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर ओढायची नाही, चित्र कार्डातनं परत आतल्याकडं जातं आणि किंचित मागं पडल्यासारखं वाटतं.

रेंडर. बंगल्याच्या हॉलमधनं पार्टीला स्वतः माऊस धरून फिरवलं. वहिनी म्हणाल्या देवघर इकडं नको, तिकडं पाहिजे, तिथल्या तिथं हलवून दाखवलं. मिरजेची फेरी गेली. मैत्रिणीला फोन करून सांगितलं, ती म्हणे आता मी येते तुझ्याकडं.

यूपीएस ६०० व्हीएचा आहे. आधी लाईट गेली की पंधरा-सोळा मिनिटं निघायची. काल रेंडर चालू असताना गेली, सातव्या मिनिटाला टीं टीं सुरू. रेंडर लावून उठायचं नाही, आणि दुपारी तर लावायचाच नाही.

२१ एप्रिल, रविवार

अप्पांच्या आडतीतला पीसी दिवसातनं चारदा गोठतोय, बिलं अडलीत, सौदे जोरात. "तुझं कार्ड चांगलं निघालं तर मला पण एक बसव," असं म्हणाले म्हणून बघायला गेले.

झाकण काढलं आणि हसावं का रडावं कळेना. आत सगळं पिवळं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पंख्याला त्याचं काय कौतुक. प्रोसेसरचा पंखा कसाबसा फिरतोय आणि आत एक जुनं कार्ड, स्टिकर उडालेलं, त्याचा बारका पंखा हळदीनं जाम, हात लावला तर चटका. कोणी बसवलं ते अप्पांना आठवत नाही, "त्यावेळी तो म्हणाला लागतंय म्हणून."

प्रोसेसर आय३-२१२०. दुसऱ्या पिढीचा, सँडी ब्रिज, ती पिढी २०११ च्या जानेवारीत आली आणि तिच्यात ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चकतीवर आलं. त्याच्या आधीच्या जी३१, जी४१ बोर्डांत ते मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये असायचं, म्हणून आपल्याकडं लोक अजून "ऑनबोर्ड" म्हणतात. म्हणजे अप्पांच्या प्रोसेसरमध्ये बिलं छापायला आणि भाव बघायला पुरून उरेल एवढं ग्राफिक्स पहिल्या दिवसापासून आहे आणि इतक्या वर्षांत त्याला कोणी केबलच लावलेली नाही.

कार्ड उपसलं, मॉनिटरची व्हीजीए केबल वरच्या, मदरबोर्डच्या पोर्टाला लावली, ब्रशनं जमेल तेवढी हळद काढली. चालू. दोन तास बसले, एकदाही गोठला नाही. अप्पा विचारतात किती झाले. म्हटलं काही नाही, काढून घेतलंय. त्यांना ते पटेना, दुरुस्तीला आलेला माणूस काहीतरी घालून जातो, काढून कोण जातंय.

७ मे, मंगळवार

मतदान करून आले, दुपारी ऊन इतकं की परत बाहेर पडायची सोय नाही, म्हणून हिशोब.

दुसरी स्टिक १,७००, तिनं निम्म्याहून जास्त तक्रार मिटवली. कार्ड १३,५००, त्यानं रेंडर दिले आणि बारक्याला रात्रीची झोप गमवायचं साधन दिलं. रेंडर नसते तर मार्चमध्येच थांबले असते, हे बारक्यासमोर बोलत नाही.

या उन्हात रेंडर चालू असताना कार्ड ७८ डिग्रीपर्यंत जातं, चालतंय तेवढं, पण खोली तापते. वीज फार नाही, ७५ वॉट धरले आणि रोज दोन तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट. बाकी वेळ कार्ड निवांत असतं, त्याचे पंखे पण थांबतात, सुरुवातीला बंद पडलं म्हणून घाबरले होते.

अप्पांचा फोन आला, परवापासनं पीसी परत आवाज करतोय. प्रोसेसरचा पंखा असणार, नुसत्या ब्रशनं भागत नाही त्याला. रविवारी ब्लोअर घेऊन जायचंय, तोंडाला ओढणी बांधून, आणि पीसी उचलून गेटाबाहेर नेऊन, नाहीतर मागच्या वेळेसारखी सगळी आडत शिंकत बसेल.